फ्लॅटचं वीजबिल साइड मार्जिनमध्येच ठरतं: डीसी रूल आणि घरातला उकाडा

सुमेधा_कोथरूड (धागा)

कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर या भागात सध्या जिकडेतिकडे रीडेव्हलपमेंट चालू आहे. मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे सोसायट्यांच्या बैठकांना बसावं लागतं. सभासदांचे प्रश्न ठरलेले असतात. कारपेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, दुसरं पार्किंग मिळणार का. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता नव्या बेडरूममध्ये बसवेल का, हे कुणी विचारत नाही. मग पझेशननंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात खोलीगणिक एसी लागतो आणि खापर फुटतं हवामानावर.

घर किती वीज खाणार याचा मोठा भाग एसीवरच्या तारकांच्या कितीतरी आधी ठरतो. दोन इमारतींमध्ये किती अंतर, एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्या हिशेबात, काय मोजायचं आणि काय नाही, रस्ता कोणत्या दिशेने आखायचा, गाड्या कुठे ठेवायच्या, हे सांगणारे नगररचनेचे नियम, म्हणजे डीसी रूल, तो ठरवतात. आर्किटेक्टच्या हातात कागद येतो तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. हे नियम आपल्याकडे ऊर्जेच्या अंगाने वाचलेच जात नाहीत, म्हणून हा धागा.

आधी मार्जिन, म्हणजे सामासिक अंतर, इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ऑर या अध्यक्षांच्या काळात ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. खालच्या मजल्यावरच्या खोलीपासून समोर साडेत्रेसष्ट अंशात रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. म्हणजे इमारतीची उंची मोकळ्या जागेच्या दुप्पट, त्याहून जास्त नाही. कारण आरोग्याचं होतं. उजेड आणि वारा नसलेल्या चाळींमध्ये माणसं मरत होती.

आज मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर डिसेंबर 2020 ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. उंच निवासी इमारतीला बाजूला आणि मागे उंचीच्या एक पंचमांश मार्जिन सोडायचं, पण जास्तीत जास्त 12 मीटर. शेजाऱ्यानेही तेवढंच सोडलं असं धरून हिशेब करा. 50 मीटर उंचीच्या दोन इमारतींमध्ये 20 मीटर. तळमजल्यावरून कोन येतो सुमारे 68 अंशांचा, जुन्या नियमापेक्षा फारसा वाईट नाही. पण 60 मीटरनंतर मार्जिन वाढणं थांबतं आणि उंची वाढतच राहते. 100 मीटरच्या दोन टॉवरमध्ये 24 मीटरच जागा, कोन सुमारे 76 अंशांचा. खालच्या मजल्यांना आकाशाची एक चीर दिसते. तिथे भर दुपारी ट्यूब लागते आणि खिडकी उघडून वारा येत नाही.

आता भिंत. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. एफएसआय मोजताना बाहेरच्या भिंतीची जाडी त्यात धरली जाते. विकताना मात्र रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कारपेट मोजायचं असतं आणि त्यात बाहेरची भिंत नसते. म्हणजे भिंतीचा प्रत्येक सेंटीमीटर एफएसआय खातो आणि विकता येत नाही. एखाद्या फ्लॅटला 20 मीटर बाहेरची भिंत असेल आणि ती 10 सेंमीने जाड केली, तर 2 चौरस मीटर गेले. साधारण साडेएकवीस चौरस फूट. त्याला तुमच्या भागातल्या भावाने गुणा. डेव्हलपर पातळ भिंत का बांधतो ते कळेल. त्यात आता मिव्हान शटरिंग, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे, आलंय. सगळ्या भिंती काँक्रीटच्या, पातळ आणि पटापट ओतल्या जाणाऱ्या. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या, 20 सेंमी भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, तिच्या कितीतरी पट या काँक्रीटच्या भिंतीतून येते. पश्चिमेच्या अशा भिंतीला रात्री दहा वाजता आतून हात लावून बघा. ती भिंत रात्रभर खोलीत उष्णता सोडत असते आणि एसी ती रात्रभर बाहेर फेकत असतो.

तिसरं, बाल्कनी. पुण्यात जुन्या नियमांत बाल्कनीला ठरावीक टक्क्यांपर्यंत एफएसआय लागत नव्हता, टेरेसलाही सवलत होती. दुहेरी उंचीच्या, एकाआड एक मजल्यांवरच्या टेरेस आठवत असतील. लोकांनी त्या बंद केल्या हे खरं. पण जिथे राहिल्या तिथे भिंतीवर सावली राहिली. आता बाल्कनी एफएसआयमध्ये मोजली जाते. पारदर्शकतेसाठी हे योग्यच आहे, जुन्या सवलतींचा गैरवापर फार झाला होता. परिणाम असा की खोलीइतकीच महाग पडणारी सावली कोणी देत नाही. फुकट उरला तो पाऊण मीटरचा छज्जा.

तो पाऊण मीटर दक्षिणेला छान चालतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन शिरतं ते हिवाळ्यात, आणि तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेचं गणित वेगळं आहे. एप्रिलअखेर साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून 33 अंशांवर असतो. पाऊण मीटरच्या छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या अर्ध्या मीटरवर पडते, बाकी काच उघडी. पाच वाजता तेवढीही नाही.

आणि खिडकी पश्चिमेला का असते? कारण मोकळी बाजू रस्त्याची आणि रस्ता पश्चिमेला. लेआउट मंजूर करताना, टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, आखताना रस्त्याची दिशा ठरते ती जमिनीच्या हद्दी, नाले आणि जवळच्या हायवेवरून. सूर्य त्या बैठकीत नसतो. माण-म्हाळुंग्यासारख्या ठिकाणी पीएमआरडीए या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने नव्याने टीपी स्कीम आखली, तिथे अंतिम भूखंड नव्याने आखायची संधी असते. शेतजमिनीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचे चौकोन करायचेच असतात. ते करताना भूखंडाची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायला खर्च शून्य आहे, फक्त ते नियमात कुणी लिहिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, इमारतींसाठी ऊर्जा संहिता आहे की. आहे. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ईसीबीसी 2007 पासून, घरांसाठी इको निवास संहिता डिसेंबर 2018 पासून. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी ती आहे. तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे, आरईटीव्ही म्हणतात तिला, चौरस मीटरला 15 वॅट. छताला वेगळी मर्यादा आहे. चांगली संहिता आहे. पण ती केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाकडून येते आणि मार्जिन-एफएसआय राज्याच्या नगरविकास खात्याकडून. एक कागद म्हणतो भिंत चांगली करा, दुसरा भिंतीच्या जाडीला दंड लावतो.

तुमच्या शहरात काय दिसतंय?

---

ऑरेंजसिटी_अभय

सुमेधाताई, धागा फार वेळेवर काढलात. नागपूरची बाजू सांगतो.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. खिडकीत लोखंडी स्टँडवर डेझर्ट कूलर, वाळ्याच्या ताट्या, वर पाण्याची टाकी. मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास घेतात, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या घरात. कोरड्या हवेत कूलरसारखं यंत्र नाही. पण त्याची एक अट आहे. आत आलेली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला खिडकी हवी. नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ साठते आणि घामाने जीव नको होतो.

जुन्या घरांना चारी बाजूंनी वारा होता. आता एका मजल्यावर सहा-सहा फ्लॅट, मध्ये लिफ्ट आणि लॉबी, प्रत्येक फ्लॅटला एकच बाहेरची बाजू. मग कूलर लावूनही भागत नाही. माझ्या बहिणीकडे हेच झालं. कूलर लावला, चालेना, शेवटी हॉलला एसी घेतला. लोक म्हणतात सुखवस्तू झालेत, एसी घेतात. अहो, घरानेच कूलर नाकारला, त्याला कोण काय करणार?

फ्लॅटला दोन दिशांना उघडणाऱ्या खिडक्या हव्यात असा नियम एका ओळीत लिहिता येईल. आज खिडकीचं क्षेत्रफळ मोजतात. ती खिडकी वाऱ्याला बाहेर पडायला वाट देते का, हे कोण बघतं?

---

माहीमची_खाडी

मुंबईची नियमावली वेगळी, पण गोष्ट तीच. जानेवारी 2012 मध्ये इथे बाल्कनी, फ्लॉवर बेड, निश म्हणजे भिंतीतले कोनाडे, हे सगळं एफएसआयमध्ये धरायला लागले आणि त्या बदल्यात प्रीमियम भरून 35 टक्के फंजिबल, म्हणजे कशासाठीही वापरता येणारा जादा, एफएसआय द्यायला लागले. फ्लॉवर बेडच्या नावाखाली खोल्या वाढवायचा धंदा बंद झाला, ते बरंच झालं. पण त्यानंतरच्या इमारती बघा. भिंत सरळसोट, काच सपाट. वीस वर्षांपूर्वीच्या इमारतीच्या अंगावर निदान काही पुढे-मागे होतं.

सगळ्यात वाईट आहे ती पुनर्वसनाच्या इमारतींची. झोपडपट्टी पुनर्वसनात मार्जिनमध्ये सवलत मिळते. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींमध्ये इमारतींमधलं अंतर 3 मीटरपर्यंत खाली आलेलं आहे. तुमच्याच गणिताने आठ मजले, 24 मीटर धरले तर कोन 83 अंशांचा. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या मंडळींनी तिथे अभ्यास केला होता. उजेड आणि वारा नसणं आणि क्षयरोग यांचा संबंध त्यांनी दाखवला. खालच्या मजल्यांवर दिवसभर दिवा आणि पंखा चालू. ज्यांना वीजबिल सगळ्यात जड जातं, त्यांच्याच घरात दिवसाढवळ्या वीज जाळायची वेळ नियमाने आणली. प्लेगनंतर जे शिकलो, ते गरिबांच्या इमारतींसाठी विसरलो. संताप येतो याचा.

मुंबईचा क्लायमेट अॅक्शन प्लॅन 2022 मध्ये आला. शहराच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे 72 टक्के इमारतींमधल्या ऊर्जेमुळे होतं असं त्यात आहे. हे माहीत असताना मार्जिनच्या सवलती देताना ऊर्जेचा एक परिच्छेद तरी नको का?

---

लोकलचा_प्रवासी

थोडा वेगळा सूर लावतो. मार्जिन वाढवा, उंची कमी ठेवा, हे ऐकायला छान आहे. पण त्याने शहरात घरं कमी होतात. मग माणूस जातो बदलापूर-विरारला, नाहीतर पुण्यात वाघोलीच्या पुढे. घरात वाचवलेली वीज तो पेट्रोलमध्ये जाळतो. मी स्वतः रोज अडीच-तीन तास गाडीत काढतो, म्हणून सांगतो. मेट्रोच्या 500 मीटरमध्ये पुण्यात 4 पर्यंत एफएसआय दिलाय तो याच कारणासाठी. दाटीवाटी हीसुद्धा ऊर्जाबचतच आहे.

---

सुमेधा_कोथरूड

@लोकलचा_प्रवासी, मुद्दा एकदम रास्त आहे. दाटीला माझा विरोध नाही. मेट्रोजवळ जास्त माणसं राहायलाच हवीत.

मला म्हणायचंय की एफएसआय आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढाच एफएसआय उंच सुईसारख्या टॉवरमध्ये बसवता येतो, तसाच मधल्या उंचीच्या, चौक सोडून बांधलेल्या इमारतीतही बसवता येतो. आपल्याकडे आकार ठरवतं पार्किंग. खाली दोन-तीन मजले गाड्या, वर घरं, मग उंची वाढते, लिफ्टची वीज वाढते, पाणी वर चढवायची वीज वाढते. गाड्यांच्या त्या मजल्यांमुळे, पोडियममुळे, खालचा वारा अडतो ते वेगळंच. मेट्रोसाठी म्हणून एफएसआय घ्यायचा आणि त्याच इमारतीला गाड्यांचे मजले रचायचे, हे मला पटत नाही.

आणि @अभय, दोन दिशांच्या खिडक्यांबद्दल शंभर टक्के सहमत. इको निवास संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचं जमिनीशी प्रमाण हवामानाप्रमाणे दिलंय. दमट-उष्ण भागात 16.66 टक्के, कोरड्या-उष्ण भागात 10, नागपूरसारख्या संमिश्र हवामानात 12.5. पण तेही क्षेत्रफळच. दिशा नाही.

---

निवृत्त_अभियंता

मी आयुष्यभर बांधकाम परवानगी विभागात काम केलं. कुठल्या शहरात ते राहू द्या.

आमच्याकडे नकाशा आला की मार्जिन आम्ही मोजायचो ते अग्निशमनाचा बंब फिरेल का यासाठी. उंच इमारतीला बंबाला 6 मीटरची मोकळी वाट लागते. त्यात तडजोड नको, ते जीवाचं काम आहे. पण उजेड-वारा हे मार्जिनचं मूळ कारण कधी मागे पडलं, ते आमच्या पिढीच्या लक्षातच आलं नाही. डक्टचंही, म्हणजे इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीचंही, तसंच. किमान माप बसलं की शिक्का.

त्या डक्टमध्ये आज काय असतं माहीत आहे? एसीचे आउटडोअर युनिट. बारा मजल्यांचे बारा, कधी चोवीस, एकावर एक. खालच्याने फेकलेली गरम हवा वर चढते, वरचा तीच आत ओढतो. कंप्रेसरला थंड हवा मिळाली नाही की तो जास्त वीज घेऊन कमी काम करतो. पाच तारे लावलेला एसी डक्टमध्ये टांगला की त्या ताऱ्यांना अर्थ राहत नाही. बाहेरच्या भिंतीवर एसीसाठी मोकळी, वारा लागणारी जागा नकाशावर दाखवली नाही तर नकाशा परत पाठवायचा, एवढं जरी कोणी सुरू केलं तरी फरक पडेल. नकाशावर खर्च काही नाही.

---

माळवद

सगळे मार्जिन वाढवा म्हणतायत, म्हणून सोलापूरकडून एक उलटा मुद्दा.

आमच्याकडे जुनी घरं माळवदाची. दोन हात जाड भिंती, वर मातीचं छत, दोन घरांच्या मध्ये भिंत एकच. गल्ली अरुंद, दुपारी एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूवर. उष्णता बाहेर ठेवायची पद्धत ही होती. घराच्या चार भिंतींपैकी दोनच उन्हाला दाखवायच्या. वारा हवा तर मध्ये चौक.

आता गावठाणाच्या बाहेर एन.ए. प्लॉट पाडले की प्रत्येक घराला बाजूला मार्जिन सोडावंच लागतं. छोटा प्लॉट, त्यात दोन्हीकडे मीटर-दीड मीटरच्या चिंचोळ्या पट्ट्या. त्या पट्टीत झाड लावता येत नाही, बसता येत नाही. पण चारी भिंती उन्हात तापतात. शेजाऱ्याची स्लॅब तापते ती आपल्या खिडकीसमोर. म्हणजे कोकणात वाऱ्यासाठी जे मार्जिन चांगलं, तेच आमच्याकडे नुकसान.

नियमावलीचं नावच ‘एकत्रित’. रत्नागिरीला दमट समुद्री हवा आणि सोलापूरला कोरडी भट्टी, पण छज्जा पाऊण मीटर दोन्हीकडे, मार्जिनचं गणित दोन्हीकडे एकच. केंद्राची संहिता निदान हवामानाचे पट्टे तरी धरते. आमच्याकडे 43-44 अंशांत राहणाऱ्या माणसाला भिंतीला भिंत लावून, चौक ठेवून घर बांधायची उघड परवानगी नव्या लेआउटमध्ये हवी. तीही गरीब घरांच्या स्कीमपुरती किंवा गावठाणापुरती नको, सरसकट.

---

सुमेधा_कोथरूड

@माळवद, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. पुण्यातल्या पेठांमधले वाडे याच तत्त्वावर उभे आहेत. समोरून अरुंद, भिंतीला भिंत, आत एक-दोन चौक. त्यांना साइड मार्जिन नाही आणि तरी चौकामुळे प्रत्येक खोलीला उजेड आहे. साडेत्रेसष्ट अंश चौकातही पाळता येतात. तेव्हा मागणी ‘मार्जिन वाढवा’ अशी नको. खोलीला आकाश किती दिसतं, भिंतीला ऊन किती लागतं आणि वारा आरपार जातो का, हे तपासा अशी हवी. ते मिळतंय असं दाखवलं तर मार्जिन कुठे आणि किती, याची मोकळीक द्यायला हरकत नाही.

---

नेकारतीर

श्टुटगार्टहून. इथे वाहन उद्योगामुळे मराठी मंडळी बरीच आहेत, त्यातलाच मी एक.

हे शहर वाटीसारख्या खोलगट जागेत आहे, भोवती टेकड्या. वारा मुळातच कमी. त्यामुळे रात्री टेकड्यांवरून जी थंड हवा खाली उतरते तिचे मार्ग महापालिकेने नकाशावर आखून ठेवलेत आणि त्या पट्ट्यांमध्ये बांधकामावर बंधनं आहेत. महापालिकेत शहराच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग आहे, विकास आराखडा करताना त्यांचं मत घ्यावं लागतं. हवेचा नकाशा आधी, जमिनीचा वापर नंतर.

अंतराचा नियम इथेही आहे, साधारण भिंतीच्या उंचीच्या 0.4 पट. पण सुमेधाताईंनी भिंतीच्या जाडीचं जे लिहिलंय त्यावर एक सांगण्यासारखं आहे. जुन्या इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर लावायचा असेल तर या राज्यात ठरावीक जाडीपर्यंत तो थर अंतराच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे घर सुधारणाऱ्याला मार्जिन आडवं येत नाही. आणि मे 2022 पासून नव्या घरांच्या छतावर सौर पॅनल सक्तीचे आहेत.

पुण्याच्या टेकड्यांचा विषय निघतो तेव्हा मला हेच आठवतं. समाविष्ट गावांतल्या साडेनऊशेहून जास्त हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, बीडीपीचं आरक्षण आहे. त्यावर वाद होतो तो झाडं, पक्षी, जमीनमालकांचा मोबदला यावर. त्या टेकड्यांवरून रात्री खाली येणारी गार हवा ही पायथ्याच्या हजारो घरांची फुकटची कूलिंग आहे, हा मुद्दा हरकती-सूचनांत कधी मांडला गेलाय का?

---

छतावरची_वीज

छोटा प्रश्न. आमच्या बंगल्यावर पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटचे पॅनल बसवले, 78 हजारांची सबसिडीही मिळाली. आता दक्षिणेच्या प्लॉटवर मोठी इमारत येतेय. हिवाळ्यात दुपारभर सावली पडणार. महापालिकेत विचारलं तर म्हणाले, त्यांचा नकाशा नियमात आहे, तुमच्या पॅनलचा आमच्याशी संबंध नाही. काही करता येतं का?

---

निवृत्त_अभियंता

@छतावरची_वीज, नियमात बसणाऱ्या नकाशाला त्या कारणाने अडवता येईल असं कलम यूडीसीपीआरमध्ये माझ्या पाहण्यात नाही. नव्या इमारतींना सौर बंब वगैरे बसवायला नियमावली सांगते, पण बसवलेल्याला ऊन मिळत राहील याची हमी देत नाही. पॅनल एकाच मालिकेत जोडलेले असतील तर एकावर सावली पडली तरी सगळ्यांचं उत्पादन घसरतं. तेव्हा बसवणाऱ्याला सांगून प्रत्येक पॅनलला वेगळा ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर लावून घ्या, नुकसान सावलीतल्या पॅनलपुरतंच राहील. जमल्यास पॅनल उत्तरेच्या कडेला सरकवा. डिसेंबरमध्ये दुपारी बाराला इथे सूर्य 48 अंशांच्या आसपास असतो, त्यावरून सावली कुठवर येईल ते मोजता येतं.

एकाने सरकारी पैशाने पॅनल बसवायचे आणि दुसऱ्याने सरकारी परवानगीने त्यावर सावली पाडायची, हे दोन खात्यांनी एकत्र बसून सोडवायला हवं.

---

सचिव_सोसायटी

आमची सोसायटी कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ. सहकार कायद्याच्या 79-अ प्रमाणे रीडेव्हलपमेंटची प्रक्रिया सुरू आहे, टेंडरचा मसुदा पीएमसीने, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने, दिलाय. वरचं सगळं वाचून सभासदांना पाठवलं. पण नियम बदलेपर्यंत आम्ही थांबू शकत नाही. आजच्या नियमांत राहून डेव्हलपरकडून काय लिहून घ्यावं? आमच्या प्लॉटची लांब बाजू रस्त्याला आहे आणि रस्ता पश्चिमेला.

---

सुमेधा_कोथरूड

@सचिव_सोसायटी, टेंडरच्या टप्प्यावर विचारलंत हे उत्तम. डीए, म्हणजे डेव्हलपरशी करार, झाल्यावर काही हातात राहत नाही.

पहिलं म्हणजे टेंडरमध्येच आरईटीव्हीचा हिशेब मागा. निविदेसोबत जो आराखडा देतील त्याचा आकडा, 15 च्या आत. तो काढायला आर्किटेक्टला फार वेळ लागत नाही आणि आकडा मागितला की पश्चिमेची काच आपोआप लहान होते. पश्चिमेची भिंत 20 सेंमी एएसी ब्लॉकची किंवा तेवढीच रोधक असावी असं शब्दांत लिहा. मिव्हानच करायचं असेल तर त्या भिंतीला आतून-बाहेरून काय थर देणार ते विचारा. कारपेटच्या आश्वासनात भिंतीची जाडी गृहीत धरली आहे, असंही लिहून घ्या, नाहीतर नंतर ‘कारपेट देण्यासाठी भिंत पातळ केली’ हे उत्तर येतं.

पश्चिमेला रस्ता आहे म्हणजे जिने, लिफ्ट, बाथरूम, ड्राय बाल्कनी तिकडे टाकायला सांगा आणि बेडरूम दक्षिण-उत्तरेला वळवा. रस्त्याकडचा दर्शनी भाग म्हणून डेव्हलपर नाराज होईल. विक्रीच्या फ्लॅटना मोठी काच हवी असते. तिथे उभ्या सरकत्या झडपा किंवा जाळी सुचवा, पश्चिमेला आडव्या छज्जापेक्षा त्याच उपयोगी. एसीची जागा डक्टमध्ये नको, हे वर अभियंत्यांनी सांगितलंच आहे.

हरित मानांकनाला यूडीसीपीआरमध्ये श्रेणीप्रमाणे 3, 5 आणि 7 टक्के जादा एफएसआय आहे. डेव्हलपर तो घेणार असेल तर चांगलंच, पण मानांकनाचे गुण कशाकशासाठी मिळवणार त्याची यादी टेंडरला जोडायला सांगा. पाण्याचे नळ आणि रंग यांवर गुण गोळा होतात आणि भिंत तशीच राहते, असं मी पाहिलंय.

शेवटचं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं. तुमच्या दक्षिणेच्या सोसायटीचंही रीडेव्हलपमेंट चालू आहे का? असेल तर टेंडर काढण्याआधी त्यांच्या कमिटीशी बोला. दोन प्लॉट एकत्र केले तर मधली हद्द जाते. तुमचं एक मार्जिन आणि त्यांचं एक, अशा दोन पट्ट्यांच्या जागी दोन्ही इमारतींच्या मध्ये एक मोठा चौक ठेवता येतो आणि इमारती पूर्व-पश्चिम लांब करून खोल्या दक्षिण-उत्तर उघडता येतात. एकत्रीकरणाला वेळ लागतो, दोन्हीकडच्या सभासदांची मनं जुळवावी लागतात, जुने हिशेब निघतात. तरी एकदा विचारून बघा. त्यांच्या कमिटीपुढे दोन्ही पर्यायांचे सावलीचे नकाशे मांडायचे असतील तर प्लॉटची मापं मला व्यनि करा, मी काढून देते.

---

सचिव_सोसायटी

दक्षिणेच्या सोसायटीने पीएमसी नेमलाय, टेंडर अजून काढलेलं नाही. रविवारी दोन्ही कमिट्यांची बैठक ठेवतो. मापं पाठवली आहेत.